एकोणीस शकूंचं झाड

पोह्यांना फोडणी दिली आणि फोन वाजला. माझा भाचा सुहास होता. "आत्या, बाबा गेले... नींद में ही." मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. आणि खरं सांगते, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की आता टाचांचं कोणाला सांगू? पंधरा वर्षं ती गोष्ट पोटात ठेवली होती. या रविवारी सांगेन, पुढच्या रविवारी सांगेन करता करता ज्याला सांगायचं तो माणूसच निघून गेला. आता सव्वा महिना होतोय. म्हणून म्हटलं, निदान तुम्हाला तरी सांगून टाकावं.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंता. इथे बालाघाटात सरकारी खात्यात धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात त्याचा जन्म गेला. रिटायर झाला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हा घरी बसून वहिनीचं डोकं खाणार. पण यानं कॅमेरा घेतला आणि बैहरच्या रस्त्यावरची मोठमोठी झाडं टिपायचं खूळ डोक्यात घेतलं. सरई म्हणजे साल, साजा म्हणजे ऐन, कहुआ म्हणजे अर्जुन, सेमल म्हणजे सावर... स्वतःच्या मुलाच्या लग्नात या माणसानं एक फोटो काढला नाही. म्हणे, माणसं कॅमेरा दिसला की सोंग करतात, झाड बिचारं आहे तसं उभं राहतं. बरं, नुसत्या फोटोवर भागेल तर तो नकाशेवाला कसला! त्याला प्रत्येक झाडाची उंची हवी. त्याची रीत अशी, की झाडाच्या बुंध्याशी एक माणूस उभा करायचा आणि समोरून फोटो घ्यायचा. घरी आल्यावर छापलेल्या फोटोतला माणूस डिव्हायडरच्या दोन टोकांत पकडायचा आणि तेवढंच माप खोडावरून टप्प्याटप्प्यानं शेंड्यापर्यंत चढवत न्यायचं. जितके टप्पे, तितके माणूस. त्यासाठी चांगलं लांब मागे सरकावं लागतं, आणि आत जंगलात तेवढी मोकळी जागा मिळत नाही. म्हणून त्याची सगळी झाडं रस्त्याच्या कडेची.

वहिनीच्या गुडघ्यांनी स्कूटरला केव्हाच रामराम ठोकलेला. उरले मी. तेव्हा मी शाळेत गणित शिकवत होते, रविवार मोकळाच असायचा. पहिल्याच दिवशी भाऊनं विचारलं, "शकू, तुही उंची किती?" मी म्हटलं, पाच फूट. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "पक्की?" हौ, पक्की. "बरं," म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून बैहर रस्त्याची झाडं शकूत मोजली जाऊ लागली. हा साजा चौदा शकू, तो कहुआ बारा शकू. घरी कोणी पाहुणा आला की भाऊ अगदी गंभीरपणे सांगायचा, बंजर नदीकडे एक सेमल हाय, सोळा शकूंचा, आणि पाहुणा माझ्याकडे बघत राहायचा.

आता या पाच फुटांबद्दल. माझी खरी उंची चार फूट साडेनऊ इंच. पण लग्न जमवताना आमच्या बाबांनी गोंदियाच्या पाहुण्यांना पाच फूट सांगितली. एकदा पाच फुटांवर लग्न जमल्यावर मागे कसं फिरणार? नवऱ्याला, शाळेला, डॉक्टरला, सगळ्यांना मी पाचच फूट सांगत आले. म्हणून झाडाशी उभी राहिले की निऱ्यांआड हळूच टाचा उचलायची. अडीच इंच बरोबर भरून निघायचे, आणि साडीत कोणाला काय दिसतं? पण भाऊ बटण दाबेल तर शपथ. कधी ढग आला म्हणे, कधी जीप जाऊ दे म्हणे, कधी फांदी हलून राह्यली. तोवर माझ्या पोटऱ्या भरून यायच्या आणि टाचा कधी खाली टेकायच्या ते माझं मलाच कळायचं नाही. कॅमेऱ्यामागे त्याचे खांदे हलताना दिसायचे. मला वाटायचं, त्याचा जुना दमा उसळला असेल. म्हणजे मापाची काठी एका फोटोत पाच फुटांची, दुसऱ्यात अडीच इंच तोकडी, आणि कुठल्या फोटोत कशी ते देवाला ठाऊक. गणिताच्या मास्तरणीला एवढं कळत होतं, की तोकड्या काठीनं मोजलं तर झाड उगाच उंच भरणार. पंधरा-वीस टप्प्यांत तीन-चार फुटांचा घोळ. एका म्हाताऱ्याचं सगळं काम माझ्या टाचांनी नासवलं, हे मला मनातून खात राहायचं.

प्रत्येक फोटोच्या मागे तो पेन्सिलीनं लिहायचा, झाडाचं नाव, किती शकू, आणि शेजारी एक बारकासा बाण. कधी वर तोंड केलेला, कधी खाली. मी एकदा विचारलं तर म्हणाला, ते वाऱ्याचं हाय. वारा वर आणि खाली कसा वाहतो, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एकदा तर गंमतच झाली. घाटाच्या वळणावर एक जुनं सरईचं झाड आहे, भाऊचं सगळ्यात लाडकं. ते काही केल्या एका फोटोत मावेना. भाऊ मागे, अजून मागे, आणखी थोडा मागे असं करत थेट रस्त्यापलीकडच्या नालीत गेला. माणूस गायब, वर फक्त कॅमेरा धरलेले दोन हात. मी धावणार तेवढ्यात नालीतून आवाज आला, "हालू नोको, शकू!" आणि मी खरंच हालले नाही. टाचा उचललेल्या तशाच. त्यानं चिखलानं भरलेल्या कपड्यांनी वर येऊन फोटो घेतला आणि मगच कोपर किती सोललं ते पाहिलं. तेच झाड एकोणीस शकू भरलं.

पुढे त्या वळणावर रस्ता रुंद करायची बोलणी सुरू झाली, तसा भाऊ वही आणि फोटो घेऊन जंगल खात्याच्या ऑफिसात गेला. मलाही नेलं. तिथे नव्यानं आलेली एक तरुण मॅडम होती. तिनं वही चाळली आणि विचारलं, "सर, ये शकू क्या है?" भाऊनं माझ्याकडे बोट केलं. "ये रही." ती इतकी हसली की तिचा चहा सांडला. पण पुढच्या आठवड्यात ती उंची मोजायचं यंत्र घेऊन वळणावर हजर झाली. आता सगळं उघडं पडणार, भाऊची वही खोटी ठरणार, झाड जाणार, आणि कोणामुळे, तर माझ्यामुळे. तिनं तीनदा मोजलं. आकडा भाऊच्या वहीशी जुळला, अर्ध्या फुटाचाही फरक नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. रस्ता पुढे जरा वळवून घेतला, झाड राहिलं. ते वहीमुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. पण मला वाटायचं, एका झाडाला नशिबानं हात दिला, बाकीच्या झाडांचं काय?

शेवटची फेरी सेमल फुलला तेव्हाची. भाऊ थकला होता, सुहासनं गाडीनं नेलं आम्हाला. त्या दिवशी मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, भाऊ, तुले एक सांगायचं हाय. तो म्हणाला, "सांगशील सावकाश. आधी उभी राह्य." मी उभी राहिले, टाचा उचलल्या. त्याचे खांदे हलत होते. परतताना त्याला डुलकी लागली... आणि माझं सांगायचं राहून गेलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. वहिनी एकटीच, म्हणून मी तिच्यापाशी थांबले होते. गॅसचं पुस्तक हवं होतं. घर आमच्या बाबांच्या वेळचंच. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला कागदांची एक पिशवी कायम टांगलेली असते, ती मी काढली. मागे वीतभर चौकट रंग न देता सोडलेली. खाली बाबांची एक रेघ, त्यांच्या अक्षरात "शकू", माझ्या लग्नाआधीची. तिच्याशेजारी भाऊच्या पेन्सिलीनं खाली तोंड केलेला बाण आणि आकडा, चार फूट साडेनऊ. अडीच इंच वर दुसरी रेघ, भाऊची. तिच्याशेजारी वर तोंड केलेला बाण. पाच फूट.

मी पिशवी हातात धरून उभीच राहिले. वहिनीनं पाहिलं आणि सव्वा महिन्यात पहिल्यांदा हसली. "दर रविवारी घरी येऊन पोट धरून हसत बसत ते," ती म्हणाली. "म्हणत, आज शकूले सात मिनिटं चवड्यांवर ठेवलं."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! प्रत्येक फोटोत माझ्या टाचा वर की खाली ते त्यानं बाणानं टिपलं होतं आणि त्याप्रमाणेच उंची धरली होती. एकही झाड चुकलं नव्हतं. फक्त मी पंधरा वर्षं मनाला लावून घेत होते आणि हा पठ्ठ्या कॅमेऱ्यामागे हसत होता. मला असा राग आला म्हणून सांगू... तो समोर असता तर चांगला धपाटा घातला असता. तो नाही हे तेव्हा कुठे नीट कळलं, आणि मी चौकटीला धरून खूप रडले.

मग डोळे पुसले आणि सरळ त्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. वहिनी म्हणाली, तुम्ही खालच्या रेघेच्याही खाली गेल्या हो, चांगल्या दोन-अडीच इंच. वयानं माणूस उतरतं, त्याला काय करणार? मी निऱ्यांआड टाचा उचलल्या. डोकं बरोबर बाबांच्या रेघेला लागलं. वहिनी पेन्सिल शोधायला आत गेली. तिला सापडायला बराच वेळ लागला, पण मी हालले नाही.