टाच नसलेली चप्पल
परवा चांभार टायरचं रबर कापत होता, त्या उग्र वासानं मध्यभारत राज्याच्या दिवसांतली वडिलांची दौऱ्याची मोटार आठवली. ते गावोगाव लस टोचत फिरायचे, म्हणून मोटारीतच झोपायची अन् स्टोव्हची सोय होती. आईला दुसऱ्या बाळंतपणासाठी इंदूरहून धारला, माहेरी, तिच्यातूनच न्यायचं होतं, आणि नेमकं मोटारीतलं बाकडं डुगडुगत होतं. बोल्ट आवळले, तरी त्याचा एक पाय अधांतरीच. ड्रायव्हर म्हणाला, "चल जाएगा बाबूजी." "नहीं भिया, हिलना नहीं चाहिए," म्हणत वडिलांनी सासुरवाडीसाठी घेतलेली टायरसोलची नवी चप्पल काढली, सुरीनं टाच कापली आणि तो तुकडा बाकड्याच्या पायाखाली ठोकून बसवला. "अहो, नवी होती ना!" आई कळवळली. "दुसरी आहे की," वडील म्हणाले. वाटेतल्या बेटम्याच्या खड्ड्यांतही बाकडं हललं नाही. धारला जावई लंगडत उतरले. "पाय मुरगळला का?" आजोबांनी विचारलं, तर वडील खुशाल हो म्हणाले. आईनं आपल्या चपला त्यांच्या चपलांपुढे अशा काढल्या, की ती कापलेली टाच कुणाला दिसू नये. आईवडील शेजारी उभे असलेले मला फारसे आठवत नाहीत. त्या चपला मात्र आठवतात.