दाजींची नक्षी आणि माझी सही

आमच्या दाजींइतका उघड्या मनाचा माणूस सोलापुरात दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. स्वतःच्या रक्तातली साखर ते रिक्षावाल्याला सांगत, अक्काशी झालेलं भांडण भाजीवालीला. आणि भाजीवालीनं अक्काची बाजू घेतली की घरी येऊन तेही सांगत. अशा माणसानं वर्षानुवर्षं खपून लिहिलं काय, तर पैशाचा माग झाकणारं सॉफ्टवेअर! क्रिप्टो नावाच्या त्या संगणकी नाण्यांचा प्रवास म्हणे साऱ्या जगाला दिसतो. दाजींचा प्रोग्राम वापरला की कोणी कोणाला काय दिलं ते दिसत नाही. "मी सांगतो ती माझी हौस हाय. दुसऱ्याला झाकायचं असंल तर झाकू द्या की," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर नक्षी काढत. दाजीही प्रोग्राम आधी तसल्याच कागदावर पेन्सिलनं लिहायचे आणि मग मला फोनवर वाचून दाखवायचे. मी बँकेत अधिकारी. समोर ग्राहक ताटकळत असायचे. एकदा पाऊण तास ऐकवून म्हणाले, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान." "मोठी चूक हाय त्यात. तुमाला कळली न्हाय, पाव्हणं!" आणि दिवसभर खुशीत. पूर्ण झालं की ते सगळं इंटरनेटवर फुकट टाकायचे. खाली स्वतःचं नाव, गाव, आणि 'पिठाच्या गिरणीमागं, येताना फोन करा' ही घराची खूणही.

चौकशीचं पथक त्याच खुणेनं आलं. कोणी भामट्यांनी लोकांना बुडवून तो पैसा दाजींच्या प्रोग्राममधून फिरवला होता. बुडालेल्यांत आमच्या बँकेचे दोन पेन्शनर होते. त्यांचे चेहरे मी पाहिलेत, त्यामुळे सरकारचं चुकलंच असं मी म्हणणार नाही. पथकानं लॅपटॉप नेला, आणि सांकेतिक मजकूर समजून वडिलांच्या नक्षीचे कागदही नेले. दाजींनी जप्तीची यादी तपासून दुरुस्ती सुचवली, "साहेब, ह्यो गुलाब न्हाय, कमळ हाय."

प्रश्न एकच होता. असा व्यवहार जो चालवतो, त्यानं सरकारकडे नोंदणी करायची, ग्राहकांची ओळख ठेवायची, असा नियम. मग दाजी तो चालवत होते का? दाजी म्हणत, "मी चालवतोय कुटं? मी लिवलंय. माझ्या बापानं काढलेल्या नक्षीची चादर पांघरून कुणी चोरी केली, तर बापाला धरनार का? लिवायलाबी परवाना लागतो का आता?"

मग चौकशीच्या साहेबांचं मला बोलावणं आलं. "तुम्ही बँकेतले. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, मग कळवलं का नाही?" साहेबांनी आवाज न चढवता विचारलं. त्यांनी जबाब लिहिला: 'माझे दाजी ही सेवा स्वतः चालवतात.' हे नियम वाचण्यात माझी हयात गेली. लिहिणं वेगळं, चालवणं वेगळं, हे मला कळत नव्हतं असं नाही. प्रोग्राम एकदा सोडल्यावर दाजींच्या हातात काही उरत नाही, हे तर त्यांनीच मला शंभरदा ऐकवलं होतं. मी जबाब दोनदा वाचला आणि सही केली. नोकरीच्या भीतीनं केली. आजवर हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

दाजी काही महिने आत राहिले. जामीन मिळाला तो लिहिलेलं काही नेटवर टाकायचं नाही या अटीवर. आरोपपत्राची प्रत त्यांना मिळाली, तिच्यात माझा जबाब. त्यांनी तो वाचला, आणि अक्काला कळू दिला नाही. माझ्यासमोरही कधी विषय काढला नाही. माझ्या पानात भाकरी वाढताना मात्र ते माझ्याकडे बघत नसत. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. अक्का देवळात गेली होती. म्हटलं, "दाजी, पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. खरं सांगणार आहे. जबाब भिऊन दिला, तेही सांगणार."

"नोकरी जाईल की तुमची."

"जाईल बहुतेक."

"पोरीचं लग्न काढलंय नव्हं? ते उरकू द्या. माझं काय, सवय झालीया."

"नाही थांबत आता."

ते "चा ठेवतो," म्हणत आत गेले. मी बाहेर वाट बघत राहिलो. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज काही आला नाही, आला तो दाजींनी नाक शिंकरल्याचा.