दांडी नसलेली सायकल

नोकरी लागली हावड्याच्या एका कारखान्यात आणि घर होतं कलकत्त्याच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला. मधलं अंतर एकतर बसच्या दाराला लटकत काढायचं, नाहीतर सायकलनं. लटकण्याचा मला मनस्वी तिटकारा. पण खरं सांगायचं तर सायकल मला नुसती कामावर जायला नकोच होती. हावड्याच्या पलीकडे एक रस्ता सुटतो, त्याला तिथले लोक बॉम्बे रोड म्हणतात. बंगाली माणसाच्या तोंडून ते नाव ऐकलं की मी हातातलं काम सोडून कान द्यायचो. भातखाचरांमधून, ओडिशाच्या रानातून, नागपूरवरून तो रस्ता आपल्या मुलखात उतरतो, एवढं नकाशात पाहिलेलं होतं. दुपारी यंत्रांच्या घरघरीत डोळे जड झाले की मी त्या रस्त्यावर असायचो. मागे वळकटी बांधलेली, दोन्हीकडे हिरवं पाणी, आणि पाय आपले आपण फिरताहेत.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. तेव्हा सायकली मिळायच्या त्या दोनच तऱ्हेच्या. एक काळी, दणकट, म्हशीसारखी संथ. दुसरी बारीक टायरांची स्पोर्ट्स, हलकी आणि नखरेल. रोजच्या खड्ड्यांना पहिली बरी, लांबच्या वाटेला दुसरी. मला या दोघींचं लग्न लावून झालेली तिसरीच हवी होती.

घरात सायकलीतलं कळणारं माणूस एकच, ते म्हणजे आई. ती पुण्याची. शाळा, कॉलेज, पुढे वर्षभराची नोकरी, सगळं तिनं सायकलवर केलं होतं. लग्न झालं, सायकल धाकट्या मावशीकडे गेली, आणि आई केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बाबांबरोबर बदलीच्या गावांना निघाली. तेव्हापासून ती सायकलवर बसलेली कुणी पाहिली नव्हती. पण रस्त्यात एखादी मुलगी सायकलवरून जाताना दिसली की आईचं बोलणं मध्येच थांबायचं. कलकत्त्यात असं फार क्वचित व्हायचं, म्हणून ते लक्षात राहायचं.

धरमतल्ल्याजवळच्या सायकलच्या दुकानात तिनं मालकाला अगदी भंडावून सोडलं. चाक फिरवून कानानं ऐकलं, तारा बोटांनी छेडल्या, ब्रेक दाबून पाहिले. स्पोर्ट्सचा तो हलका सांगाडा दोन प्रकारांत होता, दांडीचा आणि बिनदांडीचा. दांडीची माझ्यासाठी काढायला सांगितली, पण आईचा हात दुसरीच्या सीटवर होता तो तिथेच राहिला.

"चक्कर मारल्याशिवाय सायकल घेतात का कुठे?" ती मला म्हणाली. "टायर कसा पळतो ते बघते फक्त."

मी नाही म्हणायच्या आत पदर खोचून ती रस्त्यावर होतीसुद्धा. फुटपाथवरची माणसं थबकली. पहिल्या चार पावलांत हँडल डगमगलं आणि मग एकदम सरळ झालं. मी जन्मात पाहिला नव्हता असा आईचा चेहरा त्या क्षणी दिसला. कुणाचीच आई नसलेली एक मुलगी चालली होती.

पण पुण्याच्या माणसाला ट्रामचे रूळ कुठून ठाऊक असणार? ते काटकोनात, आडवे कापायचे असतात. आई मोकळी वाट समजून त्यांच्याच कडेनं गेली, बारीक टायर खाचेत उतरला आणि ती आडवी झाली.

"माशीमा, खूब लेगेछे?" मालक धावला. लोकांनी उठवलं. कोपर सोलवटलं होतं, निऱ्या काळ्या झाल्या होत्या. ती हसली, सगळ्यांना ‘किछू ना, किछू ना’ म्हणाली आणि टॅक्सीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली.

"झालं बाबा माझं," ती म्हणाली. "वय झालं. आता पुन्हा नाही."

तिच्या कोपरापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. ती इतकी थकलेली मला सहन होत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच गेलो. तेव्हा सायकल दुकानातच जोडून मिळायची, हवे ते भाग निवडून. मी हलका सांगाडा घेतला, त्याला रुंद टायर, सरळ हँडल आणि जाड सळ्यांचं कॅरिअर बसवायला सांगितलं. सांगाडा मात्र बिनदांडीचा.

"बौयेर जन्ये?" मालकानं डोळे मिचकावले. अजून लग्न व्हायचं होतं, बायको कुठली! मी म्हटलं, माझ्यासाठी. त्याला वाटलं, मला कळत नाही. कारखान्यात तर महिनाभर माझी टिंगल चालली. चालू दे म्हटलं. सायकल वाऱ्यासारखी पळत होती.

"अरे, ही लेडीज का आणलीस?" आई घरी कडाडली.

"उद्या मला धोतर नेसावंसं वाटलं तर?"

ती हसली नाही. रोज संध्याकाळी सायकल पुसायची, चेनला तेल घालायची, पण बसायची नाही. मी चुकूनही विषय काढला नाही. काढला असता तर तिनं नाहीच म्हटलं असतं.

मग हिवाळ्यातला एक रविवार आला. "तुझा तो बॉम्बे रोड दाखव की," ती म्हणाली. हावड्यापर्यंत ती बसनं आली, पुढे डबलसीट. धुकं इतकं होतं की रस्त्याला दोन्ही कडा नव्हत्या. खजुराची झाडं जवळ आल्यावरच दिसत, मागे गेली की विरघळत. कुठूनतरी गुळाचा वास येत होता.

एका पुलापाशी मी दम खायला थांबलो. आई उतरली आणि समोर बघत उभी राहिली.

"हा खरंच मुंबईपर्यंत जातो?"

"हो."

"आणि तिथून पुणं?"

"तिथून काय, जवळच."

तिनं पदर खोचला, माझ्या हातातून हँडल घेतलं आणि सीटवर बसली. "बस मागे."

मी कॅरिअरवर बसलो. माझ्या वजनानं सायकल डुलली, मग सरळ झाली. तिची पाठ अगदी ताठ होती.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आई, घर मागच्या बाजूला आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि पायडल मारत राहिली.