पामीरची पेटी आणि माझा चक्का

भूतखेत, संकेत, वाईब्ज... या सगळ्यावर माझं एकच मत होतं — ज्यांना घरी कामं नाहीत त्यांचे हे उद्योग. मी बहारीनला, मीना सलमान बंदरात एका गोदामाची ॲडमिन बघते. तेव्हा खालचं सगळं पूर्ण शुद्धीत लिहिते आहे.

माझा नवरा सुहास सित्र्याला इंजिनिअर. कित्येक वर्षं त्याचं पामीरला मोटरसायकलने जायचं प्लॅनिंग चाललंय. बाईक विमानाने कझाकस्तानात न्यायची, तिथून चालवत ताजिकिस्तानातल्या चार हजार मीटरच्या वरच्या खिंडी ओलांडायच्या. जेवणाच्या टेबलावर कायम नकाशा. त्यावर आमटी सांडून दोन नवी सरोवरं तयार झाली आहेत. यंदा मात्र शेवटची संधी होती. डिसेंबरात तो रिटायर, मग व्हिसा खलास, बाईक विकायची आणि नाशिक.

"तू मागे बस. एकटा मी जाणार नाही," तो म्हणाला.

"माझी कंबर आधीच रिटायर झाली आहे."

जुलैत त्याने सलमाबादच्या गॅरेजमधून बाईकच्या बाजूला लावायची ॲल्युमिनियमची जुनी पेटी आणली. पामीर करून आलेल्या कुणा परदेशी माणसाची, पोचे आलेली. भर ऑगस्टात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, मी त्याचे मोजे तिच्यात कोंबायला हात घातला. बाहेरून पत्रा चटके देत होता... आणि आत फ्रीजसारखं गार!

सुहासने थर्मामीटर लावला. चार अंश. "अगं, आत पामीर आहे," तो कुजबुजला.

"असेना. मला जागा हवीच होती." मंडळाच्या गणपतीच्या जेवणाचं श्रीखंड माझ्याकडे होतं आणि घरचा फ्रीज गच्च भरलेला. मी मोजे बाहेर काढले, चक्क्याचा डबा आत ठेवला.

आमची लेक इरा वाकून बघत म्हणाली, "आई, धिस इज हॉन्टेड."

"असू दे. झाकण नीट लाव."

त्या शुक्रवारी मी सुहासला शेवटचं सांगून टाकलं — येणार नाही. तो वाद घालेल म्हणून मी तयारीत होते. त्याने फक्त बाईकचा फोटो काढून 'विकणे आहे' म्हणून नेटवर टाकला आणि मुकाट्याने जेवला. भाजीत मीठ नव्हतं, तेही बोलला नाही.

शनिवारी सकाळी पेटी उघडली तर आत भट्टी. चक्का फसफसून आंबलेला!

"ती जाहिरात काढ," मी वर येऊन म्हटलं.

"का?"

"काढ म्हटलं ना."

त्याने काढली. मी नवीन चक्का बांधला, तोवर पेटी दोनदा पाहून आले. गरमच. म्हणजे अडचण जाहिरातीची नव्हती... माझ्या नकाराची होती.

एव्हाना सुहास शिफ्टला गेला होता, पेटीची किल्ली माझ्याच पर्समध्ये. म्हणजे त्याने गुपचूप बर्फ ठेवला असेल ही शंका काढू नका, ती माझी काढून झाली आहे. वॉचमन आसपास नाही असं पाहून मी पेटीशी बोलले. होय, बोलले.

"हे बघ, येते मी. पण रोज चार तासांच्या वर बसणार नाही."

ढिम्म.

"बरं, पाच."

काही नाही.

"सहा! यल्ला, चल, याच्या वर एक मिनिट नाही."

झाकणाच्या फटीतून थंड हवा खाली आली आणि चपलेतल्या माझ्या बोटांना हुडहुडी भरली. त्रेचाळीस अंशांत.

नवा चक्का आत ठेवला, श्रीखंड उत्तम झालं. संध्याकाळी सुहासला सांगितलं, "तिकिटं काढ. दोन."

"तू? कशी काय तयार झालीस?"

"चक्क्यामुळे."

इरा म्हणते इन्सुलेशन. सुहास म्हणतो पर्वताचं बोलावणं. आमच्या गोदामातल्या कोल्ड स्टोरेजच्या माणसाने पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि सरळ हात धुऊन आला. मला आजही काही कळलेलं नाही. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर कळवा, पण जरा लवकर. पुढच्या आठवड्यापासून आम्ही जिथे असू तिथे रेंज मफी, म्हणजे नाहीच... आणि रोजचे सहा तास मी सुहासच्या मागे बसलेली असेन.