आईचं बोलणं मी इंग्रजीत सांगितलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या हॉटेलात मी टाय लावून ऑर्डर घ्यायचो, तिथंच मोरीवर माझी आई भांडी घासायची. ती माझी आई, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मीच तिला तसं बजावलं होतं. ती मला 'सायेब' म्हणायची. मुकाट.

दोन हजार सालाच्या आसपास मालकांनी मुंबईहून एक शब्द आणला. ब्रंच. ब्रेकफास्ट आणि लंच जोडून केलेला. कोल्हापुरात तेव्हा नवलच. दर रविवारी फौंड्रीवाले कारखानदार आपले परदेशी पाहुणे घेऊन यायला लागले.

पहिल्याच रविवारी आई धुतलेल्या प्लेटा ठेवायला बाहेर आली. मालकांनी गंमत म्हणून तिला तो शब्द समजावला. ती म्हणाली, "म्हंजी न्ह्यारी आन् जेवान एकदमच व्हय? त्ये आमच्यात रोजचंच हाय की!"

खरंच होतं. मंगळवार पेठेतल्या घरातनं ती नुसत्या चहावर निघायची. दुपारी मोरीजवळ उकिडवी बसून भाकरी खायची. तिच्या न्याहारीच्या वाचवलेल्या पैशांवर माझा इंग्रजीचा क्लास झाला होता.

पाहुण्यांना मराठी कळेना. मालकांनी मला खूण केली. मी इंग्रजीत सांगितलं. वर पदरचं घातलं, "आमची मावशी फार मोठ्या घरची. जन्मभर ब्रंचच करते." टेबल खदखदून हसलं. मालकांनी पाठ थोपटली. आणि मला बरं वाटलं. एवढं एक वाक्य लिहायला इतकी वर्षं गेली.

मग दर रविवारी तिला बाहेर बोलवायचे. ती तेच बोलायची, मी तेच सांगायचो. रविवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसायला लागली.

एकदा एका फौंड्रीवाल्यानं उष्टी प्लेट तिच्यापुढं सरकवली. "घ्या मावशी, तुमचा ब्रंच." तिनं हात पुढं केला. मी तो धरला.

"ही माझी आई आहे."

मालक म्हणाले, "मग इतके दिवस कुणाच्या जिवावर हसवत होतास रे?"

मी गळ्यातला टाय काढला, तिला घेऊन बाहेर पडलो. रस्त्यावर ती वैतागली, "खुळ्या, मानसं चांगली हसत हुती की!"

आजही ती गल्लीत सांगते, मोठ्या लोकांस्नी माझं बोलणं लई आवडायचं. मी मान डोलावतो. नोकरी सोडली, म्हणून काही फिटलं नाही. आता तिला सांगणार. ते कशाला हसत होते, आणि हसवत कोण होतं. तिनं थोबाडीत दिली तर खाईन. पण हे खरं मी तिचं देणं लागतो.