नाहीकरची फळी

पानामामाच्या शर्टाच्या खिशात कायम एक पाना असायचा. लेकीच्या लग्नातही होता, फोटोत अगदी स्पष्ट दिसतो. सायकली दुरुस्त करता करता माणूस म्हातारा झाला, खरं नाव लोक विसरून गेले आणि पाना तेवढा राहिला. हाताला गुण मोठा, पण वेळेच्या नावाने बोंब. कुणीही येऊन विचारलं, सायकल कधी होईल, की मामाचं उत्तर ठरलेलं, "उद्या या." त्या उद्याला काडीचा अर्थ नसतो हे गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, तरी बिचारी यायची.

दुकानाच्या दारात एक लाकडी स्टूल होतं आणि त्यावर खडूने फुटबॉलचं मैदान आखलेलं होतं. गावाच्या टीमचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टुलाभोवती न्यायनिवाडा बसायचा. आपले खेळाडू म्हणजे नट, समोरचे म्हणजे वायसर, आणि चेंडू म्हणजे एक छर्रा, जो दर वेळी घरंगळून गटाराकडे पळायचा. नियम एकच. ज्याला कोचची चूक काढायची असेल त्याने नुसती तोंडाची वाफ दवडायची नाही, स्वतःच्या हाताने नट हलवून दाखवायचा. आणि त्याचा हात नटावर असेपर्यंत बाकीच्यांनी ब्रही काढायचा नाही.

हा नियम करावा लागला तो नाहीकरमुळे. नाहीकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. तो शहराची बस चालवायचा, आणि समोरच्याच्या प्रत्येक वाक्याला आधी 'नाही' लावायचा. कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, की हा म्हणणार, नाही, काल जास्त होतं. सायकलीवर तर आयुष्यात बसला नाही. दोन चाकांवर शहाणा माणूस बसतोच कसा, असं तो मामाच्याच दुकानात, मामाचाच चहा पिताना विचारायचा. मामाचा तो सगळ्यात जवळचा मित्र.

दोघांचं भांडण चाळीस वर्षं एकाच गोष्टीवरून चाललं होतं. मामाचं म्हणणं, बचावाची फळी पुढे न्यावी, पार मैदानाच्या मध्यापर्यंत, समोरच्याला श्वास घेऊ देऊ नये. नाहीकर म्हणायचा, नाही, मागे राहा, अंतर ठेवा. पुढच्या गाडीला नाक लावून बस चालवणारा आणि अशी फळी लावणारा, दोघांचं लायसन काढून घेतलं पाहिजे. एकदा दोघांनी यावरून अबोला धरला. तरी नाहीकर रोज यायचा, काही न बोलता सगळे नट मागे ओढून ठेवायचा आणि चालू लागायचा. मामा ते पुन्हा पुढे सरकवायचा. हट्टाला काही औषध असतं का?

मग नाहीकर विसरायला लागला. आधी बसथांब्यांची नावं, मग घरची वाट, मग माणसं. पुढे बोलणंच आटलं. त्याची बायको, म्हणजे मामाची वहिनी, त्याला हाताला धरून दुकानात आणायची आणि तो खोक्यावर मुकाट बसून राहायचा. त्याची लेक दुसऱ्या गावी होती, दोघंही इकडेच या म्हणून तिने धोशा लावला होता. सामन्याच्या आदल्या दिवशी वहिनी एकटीच दुकानात आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"भाऊजी, यांना इथलं काही उमजत असेल तर मी इथून हलणार नाही. नसेल, तर मी एकटीने किती रेटू? सामना झाला की आणते त्यांना. एकदा तुमच्याशी भांडले ना, तरी मला पुरे. मी लेकीला नाही म्हणून कळवते."

मामाने हो म्हटलं आणि त्या दिवशी एकही सायकल धड दुरुस्त केली नाही. एका गिऱ्हाइकाला तर पुढचं चाक मागे लावून दिलं.

सामना उपांत्य फेरीचा होता. आपली पोरं अर्ध्या वेळेपर्यंत एका गोलने पुढे होती. तेवढ्यात कोचला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. पाय जड झालेला पण डोकं ताळ्यावर असलेला, बचावाच्या मधोमध खेळणारा जुना स्टॉपर त्याने बाहेर बसवला आणि फळी मैदानाच्या मध्यापर्यंत पुढे काढली. समोरच्यांनी दोनदा त्या फळीच्या डोक्यावरून चेंडू मागे टाकला, दोनदा धावत गेले, दोन गोल. माती खाल्ली आपण. टीम स्पर्धेबाहेर गेली.

मामा तो सामना बघून घरी आला आणि ताटावर नुसता बसून राहिला. टीम हरल्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त हे लागलं होतं, की नाहीकर बरोबर होता. सगळी वर्षं बरोबर होता. एरवी तो सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात येऊन उभा राहिला असता आणि वर्षभर मामाला तोंड वर काढू दिलं नसतं.

सकाळी बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ घेऊन आला आणि कोचने अक्कल गहाण टाकली, असं सांगत त्याने नट हलवले. शिवणवाल्या मावशीने गळ्यातली टेप मागे टाकून स्टॉपरचा नट गोलापाशी नेऊन आपटला. त्याला काढलाच का, हा तिचा सवाल होता. त्या स्टुलाभोवती पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि कुणालाच ते बरं वाटत नव्हतं.

तेवढ्यात वहिनी नाहीकरला घेऊन आली. त्याच्या शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं तिने लावली होती. तो खोक्यावर बसला आणि भिंतीला टांगलेल्या सायकलींकडे बघत राहिला.

मामाने हात पुसले आणि स्टुलापाशी बसकण मारली. कोचचं काहीएक चुकलं नाही, असं त्याने जाहीर केलं. मावशीने ठेवलेला नट उचलून त्याने पुढे नेला, सगळी फळी मध्यावर आणली. मग म्हणाला, खरं तर गोलकीपरलाही पुढे काढायला हवं होतं, आणि त्यालाही नेऊन मध्यावर ठेवला. मावशीने कपाळावर हात मारला. हार मामाच्या डोक्यात गेली म्हणायची! बेकरीवाला तावातावाने पुढे सरसावला, पण वहिनीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो जागच्या जागी बसला. काय चाललंय ते त्याला कळलं.

"बघ रे," मामा मोठ्याने म्हणाला. "अंतर वगैरे काही ठेवायचं नाही. पुढच्या गाडीला खेटून चालवायची. सांग, काय चुकलं?"

नाहीकर हलला. मान स्टुलाकडे वळली. हात सावकाश पुढे आला आणि त्याची बोटं स्टॉपरच्या नटावर टेकली.

कुणी ब्र काढला नाही. वहिनीने पिशवीचे बंद घट्ट आवळून धरले होते. नाहीकरने नट उचलला, त्यावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं, खडूच्या रेघा निरखल्या. मामाचा जीव टांगणीला लागला होता. ओढ बाबा, तो मनातल्या मनात म्हणत होता, मागे ओढ, शिव्या घाल, लायसन काढ माझं.

नाहीकरने नट पुन्हा मध्यावरच ठेवला. फळीच्या ओळीत नीट, सरळ लावला. मग वर बघून सभ्यपणे हसला.

"बरोबर आहे तुमचं, मिस्त्री."

ज्या माणसाने उन्हाबद्दलसुद्धा कधी त्याचं ऐकून घेतलं नाही, त्याने आज बरोबर म्हटलं होतं. हा एक शब्द ऐकायला मामाने उभं आयुष्य घसा फोडला होता. आता कुणी तो परत घेतला असता, तर मामाने अख्खं दुकान देऊन टाकलं असतं.

"नाही," मामा म्हणाला. "नाही रे. माझं चुकलं. तू म्हणायचास तेच खरं होतं."

एकेक करून त्याने सगळे नट मागे ओढले, गोलापाशी, नाहीकर लावायचा तसे. नाहीकर ते लक्ष देऊन बघत होता, रस्त्यात कुणाचं काम चाललेलं बघावं तसा. संपल्यावर नाहीकरने यालाही मान डोलावली.

वहिनीने डोळे पुसले. "लेकीला हो म्हणून कळवते, भाऊजी. रविवारी निघू."

वहिनीने नाहीकरला दंडाला धरून उठवलं. दोघं दारापर्यंत गेली, तिथे नाहीकर थांबला, वळला आणि भिंतीवरच्या सायकलींकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "माझी सायकल कधी होईल?"

मावशीने तोंड फिरवलं. मामाने खिशातला पाना काढला, हातात घट्ट धरला.

"उद्या या," तो म्हणाला.