काटा उतरला

आमच्या पहिल्यावहिल्या गाडीचा पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी शून्यावरच पडून राहायचा. वाटेत अडकण्याच्या भीतीने आई गाडीत पाय ठेवत नव्हती.

एका रविवारी प्रतापनगरहून एक गुजराती मिस्त्री स्कूटरवरून आमच्या घरी आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तोंडात पान असल्याने हनुवटी वर करूनच बोलायचा. टाकीतला पितळी तरंगता गोळा काढून त्याने नारळासारखा कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळलं.

"गोळाच बुडालाय, मग काटा चढणार कसा?" तो खुशीत म्हणाला.

गोळा रिकामा करून, वाळवून त्याने त्याच्या बारीक भोकाला कथलाचा डाग देऊन ते बुजवलं. गोळा परत बसवताच काटा पाव टाकीपर्यंत चढला.

निघताना मात्र त्याचीच स्कूटर सुरू होईना. ती तिरकी करून त्याने कान लावला आणि जीभ चावली. टाकी कोरडी ठणठणीत! बाबांनी हसत हसत नळी लावून आमच्या गाडीतलं बाटलीभर पेट्रोल त्याला काढून दिलं. तो मात्र बाटली तशीच ठेवून गाडीत शिरला आणि किल्ली फिरवून ओरडला, "जुओ, बघा साहेब, काटा उतरला! आता खरं बोलतो!"

स्वतःच्या फजितीवर इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आई म्हणाली, "थांबा, साडी बदलून येते."